आधी कोट दाखवा

गल्ली चढून वर गेलं की डाव्या हाताला, चष्म्याच्या दुकानाला खेटून, एक वीतभर दुकान होतं. वीतभर हे आपलं बोलायचं. पण गिऱ्हाईक जरा अंगानं भरलेलं असलं की त्याला आत येऊन वळता यायचं नाही, आल्या पावली मागं मागं सरकत बाहेर पडावं लागायचं. दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, आणि आत काय आहे ते कळावं म्हणून प्रत्येक खणाच्या तोंडावर एकेक बटण टाचलेलं. शिंपल्याचं, शिंगाचं, काचेचं, लाकडाचं, कापडानं मढवलेलं. सकाळी दिवा लावला की सगळी भिंत डोळे उघडायची आणि दार उघडणाऱ्या बाईकडे बघायची.

ती बाई म्हणजे बटणमावशी. भाच्यांनी मावशी म्हणावं हे ठीकच, पण तिला तिच्याहून दहा वर्षांनी मोठा चष्मेवालाही मावशीच म्हणायचा. बापानं मांडलेलं दुकान तिनं आयुष्यभर चालवलं, आणि बापाचाच एक नियम पदराच्या गाठीसारखा जपला. कुणी मुठीत एक बटण घेऊन आला, "अगदी असंच पाहिजे" म्हणाला, की ती त्या मुठीकडे बघायचीसुद्धा नाही.

"ते ठेवा खिशात. आधी कोट दाखवा."

"अहो, बटण हे समोर आहे. कोट कशाला?"

"शेजारी जा. तोंड न बघता तो चष्मा देतो का विचारा."

तिचं म्हणणं असं की, उरलेली बटणं कोटाबरोबर म्हातारी झालेली असतात. ऊन खाल्लेली, घासलेली, मालकाच्या बोटांची सवय लागलेली. त्यांच्यात कोरं करकरीत भावंड नेऊन बसवलं तर ते सगळ्यांत परकं दिसणार. म्हणून ती कोट टेबलावर पसरायची, खणातलं बटण त्यावर ठेवायची, एक पाऊल मागं जायची, एक डोळा मिटायची. जमलं तर "हं." नाही जमलं तर बटण परत खणात. आणि एकदा सुई हातात घेतली की ओठ आपोआप चालायचे. कोटागणिक नवी ओळ, जुळेल तशी, कुणी ऐको न ऐको.

पण काही वर्षांत गल्लीतली वर्दळ पांगली. कपडे स्वस्त झाले. बटण गेलं तर माणसं सदराच टाकून द्यायला लागली. कोट घेऊन येणारी पावलं कमी झाली, मग विरळ झाली, मग एखादा दिवस असा जायचा की दारात फक्त ऊन येऊन जायचं.

थंडीच्या तोंडाला एका सकाळी तिचा धाकटा भाऊ आला. त्याचं लहानपणापासूनचं नाव बारक्या. आता त्याला पांढऱ्या मिशा होत्या आणि असं पोट होतं की तो दुकानात आला की दुकान भरलं असं वाटायचं. आयुष्य रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढून तो नुकताच घरी बसला होता, आणि घरी बसणं त्याला अजिबात मानवत नव्हतं. दुकान दोघा भावंडांच्या नावावर होतं.

"ताई, एक माणूस आलाय माझ्याकडे," तो टोपी काढत म्हणाला. "हातात धरायचे फोन विकतो. त्याला जागा पाहिजे. माणूस चांगला आहे."

"हातात न धरता फोन कसा वापरतात?" मावशी म्हणाली.

"विषय बदलू नकोस. गेल्या आठवड्यात किती गिऱ्हाईकं आली, सांग."

मावशीनं खणावरचं एक बटण फडक्यानं पुसलं. पुसलेलंच होतं ते.

"मी काही तुझा वैरी नाही," बारक्याचा आवाज खाली आला. "दिवसभर एकटी बसतेस या गारठ्यात. असं करू. थंडी सरेपर्यंत थांबू. तोवर माणसं पायरी चढायला लागली, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही चढली, तर चावी द्यायची. कबूल?"

"कबूल," मावशी म्हणाली. भाऊ बोलला त्यात वावगं काही नव्हतं, हीच तर अडचण होती. वावगं असतं तर भांडता आलं असतं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती सुनेला एवढंच म्हणाली, "सकाळी उठून मी जायचं कुठं, पोरी, तेवढं सांग."

सून छापखान्यात कॉम्प्युटरवर काम करायची. नवरा आठवडाभर फिरतीवर, त्यामुळे घरात दोघीच, आणि दोघींचं असं गूळपीठ की मुलगा घरी आला की त्यालाच पाहुण्यासारखं वाटायचं. सून म्हणाली, "आई, गिऱ्हाईक गल्ली चढून येत नसेल, तर आपण दुकान त्याच्या घरी नेऊ."

"टोपलीत घालून?"

"तारेतून."

असा घरातला जुना कॉम्प्युटर दुकानात आला आणि टेबलाचा अर्धा भाग गिळून बसला. टेलिफोनची तार त्याच्या पाठीत खुपसली. चालू केला की तो आधी घसा खाकरायचा, मग शिट्टी मारायचा, मग पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज करायचा, आणि तो चालू असेपर्यंत टेलिफोन मुका. मावशीला हे फार आवडलं. "एका वेळी एकाशीच बोलतो. शहाणा आहे," ती म्हणाली.

सुनेनं छापखान्यातून एका सुट्टीपुरतं फोटो ओढणारं यंत्र मागून आणलं. त्याच्या काचेवर मावशीनं मूठ मूठ बटणं पसरली. झाकण लावलं, आतून उजेडाची पट्टी इकडून तिकडे सरकली, आणि पडद्यावर बटणं उमटायला लागली. वरून खाली, सावकाश, ग्रहण सुटावं तशी. आधी नुसती कड, मग अर्धं, मग भोकं, मग अख्खं. काळ्या पाटीवर कुणी चंद्रच चंद्र मांडून ठेवल्यासारखे. मावशी खुर्ची ओढून पुढं बसली. आयुष्यभर बोटांत धरलेली बटणं तिनं इतकी मोठी कधी पाहिली नव्हती.

"हे माझ्याकडचंच?" तिनं एका शिंपल्याच्या बटणावर बोट ठेवलं. "याच्या पोटात एवढे रंग आहेत, आणि मेलं कधी बोललं नाही."

तारेतून कुणालाही बघता येईल असं पान तयार झालं. दुकानाचं नाव, पत्ता, फोटो. आणि मग दोघींचं पहिलं भांडण झालं.

"सगळ्यात वर लिही," मावशी म्हणाली. "आधी कोट दाखवा."

"आई, असं नाही लिहायचं. तो माणूस लांब कुठंतरी बसलेला असणार. तो फोटो बघणार, पसंत करणार, मागवणार. कोट कसा दाखवेल?"

"ते त्याचं तो बघेल."

"अशानं कुणी मागवणारच नाही. आधीच लोक कार्डाचा नंबर कॉम्प्युटरला सांगायला घाबरतात."

"घाबरणारच. अनोळखी डब्याला मी तरी सांगेन का? पण नियम म्हणजे नियम. ठळक लिही."

सुनेनं ठळक लिहिलं, आणि मनात म्हणाली, झालं, दुकानाला आपल्या हातानं कुलूप घातलं.

पानाच्या तळाशी किती जण येऊन गेले ते सांगणारा एक आकडा होता. मावशी रोज दुकान उघडलं की आधी तो बघायची. आकडा रोज वाढलेला असायचा. "आजही येऊन गेलं कुणीतरी," ती समाधानानं म्हणायची. "बोलत नाहीत, पण येतात. लाजाळू गिऱ्हाईक आहे." सुनेच्या लक्षात यायला थोडे दिवस लागले की ते लाजाळू गिऱ्हाईक म्हणजे मावशी स्वतःच होती. पान उघडलं की आकडा पुढं सरकायचा. सुनेनं तिला सांगितलं नाही. घरी आली आणि भांडी जरा जास्तच आपटली, इतकंच.

दिवस गेले. छपरांवर बर्फ साचला, चष्मेवाल्यानं दारात शेगडी आणून ठेवली. एकदा बारक्या डोकावून गेला. "काय म्हणतात तारेतली गिऱ्हाईकं?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता "गारठा फार आहे" म्हणून निघून गेला. टोमणा अर्धाच मारून गेला, म्हणून तो मावशीला जास्त लागला.

आणि मग एका सकाळी पोस्टमन पायरी चढला. त्याच्या हातात टपाल नव्हतं, गाठोडं होतं.

सून छापखान्यात जाता जाता थांबली होती. दोघींनी मिळून दोरी सोडली. आत तपकिरी कागद, कागदात एक जाड, निळा, लोकरी कोट. मधलं बटण नाही. खिशाला चिठ्ठी टाचलेली: "तुम्ही म्हणालात, आधी कोट दाखवा. हा बघा. पैसे पाकिटात घातलेत, कारण कॉम्प्युटरवर माझा विश्वास नाही. जरा लवकर करा, अंगात दुसरा नाही."

सुनेनं पाकीट उघडून बघितलं, पैसे होते. "अहो, हा कोट काढून पाठवला त्यानं. खराखुरा कोट. आपल्याला काय म्हणायचं होतं आणि यानं काय केलं."

"आपल्याला हेच म्हणायचं होतं," मावशी म्हणाली. तिचे हात कोटावर पोचलेसुद्धा होते. "बाहीला शाई लागलीय बघ. लिहिणारा आहे. उजवा खिसा ओघळलाय, त्यात काहीतरी जड घेऊन फिरतो. पुस्तक असेल, नाहीतर दगड. अन् बटण मधलंच तुटलंय म्हणजे विचार करताना पिळत बसत असणार." तिनं खण ओढले, बटण ठेवलं, मागं सरली, डोळा मिटला. नाही. दुसरं. नाही. तिसरं ठेवलं आणि "हं" म्हणाली. मेण लावलेला दोरा सुईत गेला आणि ओठ सुटले:

चार घरांचं गाव, दोरा फेरी घाली,
थंडी उभी दारी, कडी लागलेली.

सुनेनं ते ऐकलं. छापखान्याला उशीर होत होता तरी तिनं कागदाचा कपटा घेतला, दोन्ही ओळी त्यावर उतरवल्या, आणि मावशीच्या नकळत कोटाच्या त्या ओघळलेल्या खिशात सरकवल्या.

लिहिणाऱ्या माणसानं कोट मिळाल्यावर काय केलं कोण जाणे, पण कुणाकुणाला सांगितलं असणार. कारण आधी एक गाठोडं आलं, मग एका दिवशी दोन, मग पोस्टमन पायरीशी येऊन हाक मारायला लागला, "मावशी, हात द्या, एकट्याला उचलत नाही." दवाखान्यातला पांढरा अंगरखा आला. नाटकात राजा होणाऱ्याचा झगा आला, त्यावर चिठ्ठी: "गेल्या प्रयोगात राज्य गेलं तेव्हा बटणही गेलं." एका आजोबांचा स्वेटर आला, त्याची सगळी बटणं वेगवेगळी, आणि खाली लिहिलेलं की एकसारखी करू नका, फक्त तुटलेलं लावा. सांगायचीही गरज नव्हती, मावशीनं तो स्वेटर उलगडला आणि म्हणाली, "याच्या बाकीच्या बटणांना हात लावायचा नाही, सगळं बरोबर आहे." एका खोक्यात तर हाताच्या पंजाएवढा कोट निघाला. बाहुलीचा. मावशीनं त्याच्यासाठी निम्मी भिंत धुंडाळली.

इवलं इवलं बटण, मुंगीच्या घरचं ताट,
कोट घालून बाहुली निघाली, सोडा तिची वाट.

सून आता कपटे आधीच कापून ठेवायची. उत्तरं यायची तीही खिशातल्या ओळींबद्दल. "बटण छान. ओळीला चाल कुठली?" मावशीनं ते वाचलं, सुनेकडे बघितलं, म्हणाली, "तू चोरून ऐकतेस." आणि त्या दिवशी जरा मोठ्यानं गायली.

दुकानात आता पाय ठेवायला जागा नव्हती. खणांच्या मुठींना कोट, दिव्याच्या तारेला कोट, कॉम्प्युटरच्या डोक्यावर राजाचा झगा. मावशी त्यांच्यामधून वाट काढत फिरायची आणि "सरका हो जरा" म्हणायची. सून म्हणायची, आई, ते कोट आहेत. मावशी म्हणायची, मग काय झालं, सरकले की.

थंडी सरत आली होती. छपरांवरून थेंब गळायला लागले होते. मावशीच्या ते ध्यानात होतं, पण बोट कामात होतं, आणि बोट कामात असलं की मन फार लांब जात नाही.

त्या दिवशी बारक्यानं सकाळपासून दुकानात फोन लावला. लागेना. सुनेला सुट्टी होती आणि ती कॉम्प्युटरवर पत्रांना उत्तरं देत बसली होती; तार गुंतलेली. शेवटी वैतागून तो तसाच आला, आणि सोबत फोनवाल्यालाही घेऊन आला. फोनवाला तरुण, हसरा, हातात मोजायची टेप. बारक्यानं दार ढकललं तर ते अर्धंच उघडलं.

"ताई, दारामागं कोण उभं आहे?"

"डॉक्टरांचा अंगरखा," आतून आवाज आला. "ये, पोट आत घेऊन ये."

तो आत आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो आल्यानं दुकान भरलं नाही. ते आधीच भरलेलं होतं. त्यानं चहूकडे बघितलं.

"हे काय? लाँड्री काढलीस?"

"गिऱ्हाईकं आहेत, मामा," सून म्हणाली, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पान, ठळक अक्षरं, गाठोडी, चिठ्ठ्या. बारक्या मिशी चावत ऐकत राहिला.

"ते सगळं खरं," तो अखेर म्हणाला. "पण आपलं ठरलं काय होतं? माणसं पायरी चढली तर. चढलं का कुणी?"

सून बोलायला गेली, पण मावशीनं हात वर केला. "नाही," ती म्हणाली. "पायरी एकट्या पोस्टमननं झिजवली. बाकी कुणी नाही चढलं. ठरलं ते ठरलं." तिनं गळ्यातली चावी दोरीसकट काढून टेबलावर, बाहुलीच्या रिकाम्या खोक्याशेजारी ठेवली. "एवढे कोट पोचते करते. मग घे. फक्त ज्यांनी अंगातले काढून पाठवलेत त्यांना ताटकळत ठेवायचं नाही."

बारक्यानं चावीकडे बघितलं. उचलली नाही. फोनवाला अवघडून उभा होता. मावशीनं जागा नाही म्हणून त्याच्या दोन्ही हातांवर कोट दिले होते आणि त्याची टेप कुठल्यातरी बाहीत हरवली होती.

तेवढ्यात पोस्टमननं हाक मारली, आणि दारातून एक गाठोडं आत आलं. आलं म्हणजे सांडलं. दोरी सैल, कागद फाटलेला, एक बाही बाहेर लोंबत, चिखलाला टेकलेली.

बारक्याचा चेहरा पालटला. "कुणी बांधलंय हे?" तो गरजला नाही, पण पार्सल ऑफिसातले लोक या आवाजाला गरजण्यापेक्षा जास्त भ्यायचे. "ही गाठ आहे? चपलेचा बंद तरी यापेक्षा बरा बांधतात. आणा इकडे. सूनबाई, कात्री. तुमची जाणारी गाठोडी कोण बांधतं?"

"मी," सून म्हणाली.

"दाखव." तिनं दाखवलं. बारक्यानं डोळे मिटून घेतले. "ही अशी पाठवलीस? अन् पोचली? देवाची कृपा आहे." त्यानं टोपी राजाच्या झग्यावर टांगली, बाह्या सारल्या, आणि कोट हातात घेतला. तो असा कोट घडी घालायचा की बाही बाहीला मिठी मारायची आणि कॉलर वर उशी होऊन बसायची. दोरी त्याच्या बोटांतून पाण्यासारखी धावली. एक वळसा, आडवा, उलट, खच्चून. मावशी बघत राहिली. भाऊ घरी बसल्यापासून त्याचे हात इतके खूश तिनं पाहिले नव्हते.

नव्या आलेल्या कोटातून एक चिठ्ठी पडली. बारक्यानं ती लांब धरून वाचली. "'हा माझ्या बापाचा कोट. कार्डाचा नंबर तारेतून पाठवायला धीर होत नाही, म्हणून पैसे पाकिटातून. कोट मात्र पाठवतोय. सांभाळा.'" तो थांबला. पुन्हा एकदा मनात वाचली. "काय माणसं आहेत बघ. नंबर द्यायला घाबरतात, आणि बापाचा कोट देतात."

"नंबरला बटण नसतं," मावशी म्हणाली.

बारक्या हसला. मग त्यानं दुकानभर नजर फिरवली. खांद्याला खांदा टेकून उभे असलेले कोट, दाटीवाटीनं, बाही बाहीला लागलेले, सगळे आपली पाळी येण्याची वाट बघत असलेले.

"ताई," तो म्हणाला, "मी माणसं म्हणालो होतो ना?"

"म्हणाला होतास."

"मग ही माणसंच आहेत की. आतून रिकामी आहेत, एवढंच." त्यानं टेबलावरची चावी उचलली आणि दोरीसकट बहिणीच्या गळ्यात घातली. "आणि पायरी कशी चढली हे कुणी विचारायचं नाही. कुणी पायानं चढतं, कुणी पोस्टमनच्या खांद्यावरून." मग तो फोनवाल्याकडे वळला. "साहेब, तुमचा वेळ घेतला. जागा रिकामी नाही. बघताच आहात."

फोनवाला कोटांच्या ढिगाआडून म्हणाला, "बघतोय. मला फक्त माझी टेप मिळाली तर बरं."

"टेप सापडेल," मावशी म्हणाली. "तोवर तुमचं जाकीट दाखवा. खालचं बटण एका दोऱ्यावर लोंबतंय."

तो जाकीट काढून, गारठत, हसत, टेबलाच्या कडेला टेकला. जाताना चष्मेवाल्याच्या पलीकडची बंद खोली कुणाची, एवढं विचारून गेला.

संध्याकाळी दुकान आवरलं तेव्हा भिंतीशी गाठोड्यांची रांग लागली होती, सगळी चौकोनी, टणटणीत, एका मापात. बारक्या घाम पुसत टोपी घालायला निघाला.

"थांब," मावशी म्हणाली. "तुझ्या कोटाचं पोटावरचं बटण कधीपासून नाही?"

"तिथलं टिकत नाही. सोडून दिलं मी."

"काढ."

"गारठा आहे."

"मग अंगावरच लावते. हलू नकोस." तिनं एक शिंगाचं बटण त्याच्या पोटावर धरलं, मागं सरायला जागा नव्हती म्हणून नुसतंच डोकं मागं नेलं, एक डोळा मिटला. "हं."

बारक्याच्या पोटाचा, बटणाला गं धाक,
दोरा दुहेरी घालते, भावा जरा वाक.

सून खुर्चीत दुमडून हसत होती, आणि हसता हसता कपट्यावर लिहीत होती. बारक्यानं तोंड वाकडं केलं, पण वाकला.

"हे खिशात घालायचं नाही," त्यानं तिला बजावलं. "आणि उद्या सकाळी मी येतो तेव्हा सुतळी, जाड कागद आणि डिंक तयार पाहिजे. उजाडल्यावर लगेच येतो."

"या, मामा."

"अन् ते तुमचं पान. त्यात ताईच्या नियमाखाली माझी एक ओळ घाल."

कॉम्प्युटरनं घसा खाकरला, शिट्टी मारली, वाळू ओतली. पान वरून खाली उघडत गेलं. आधी ठळक अक्षरं, मग चंद्र, एकेक, सावकाश. तळाचा आकडा सकाळपेक्षा कितीतरी पुढं गेला होता, आणि मावशीला दिवसभर तो बघायला सवड झाली नव्हती.

"सांगा," सून बोटं टेकवून म्हणाली.

बारक्या दोन्ही हात पाठीशी बांधून, नव्या बटणानिशी, ताठ उभा राहिला.

"लिही," तो म्हणाला. "आणि गाठ नीट मारा."